कॉलरच्या आत

"हात वर," नॉर्मा सवयीनं म्हणाली, आणि मान उचलून पाहते तर समोर तिचीच पोरगी, एव्हरिल.

बेलफास्टच्या बाजारपेठेला लोखंडी फाटकं बसली तेव्हापासून नॉर्मा तिथं बायकांची झडती घ्यायची. पर्स उघडायची, अंगावरून हात फिरवायचा, बॉम्ब नाही ना बघायचं आणि सोडायचं. एव्हरिल एरवी मुद्दाम पलीकडच्या फाटकातून जायची. आज तिकडे बॉम्बची हूल उठली, म्हणून सगळी गर्दी इकडे वळवली होती.

सतरा वर्षांची पोर. साखरेच्या पाण्यानं ताठ उभे केलेले केस, गळ्यात कुत्र्याची साखळी, फाटक्या जाकिटावर सेफ्टी पिनाच पिना. आज ती एका पंक बँडबरोबर पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होती.

"आल्या का महाराणी?" शेजारच्या टेबलावर झडती घेणारी बेरिल म्हणाली. "नॉर्मा, घरात एक तरी पिन शिल्लक ठेवलीय का हिनं?"

नॉर्मा हसली. बेरिलपुढे हसावंच लागे. तिचा नवरा गल्लीची राखण करणाऱ्या टोळक्यातला. याच टोळक्यानं गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या सँड्राचं डोकं भादरलं, अंगावर डांबर ओतलं आणि तिला दिव्याच्या खांबाला बांधून ठेवलं. गुन्हा काय, तर प्रोटेस्टंट घरातली पोर कॅथलिक मुलाबरोबर फिरली. नॉर्मानं तेव्हा खिडकीचा पडदा ओढून घेतला होता.

जाकिटाच्या आतल्या खिशात बोटांना काहीतरी गार लागलं. निळ्या दोऱ्यात ओवलेलं, मरियामातेचं छोटंसं पदक. असलं पदक त्यांच्या गल्लीत कुणी बाळगत नसे. पलीकडच्या वस्तीतले कॅथलिक बाळगत.

"काय सापडलं गं?" बेरिल खुर्चीतून उठली.

नॉर्मानं पदक मुठीत दाबलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा जाकिटावरच्या एका उघड्या पिनेवर जोरात रोवला. "आई गं! टोचली मेली!"

रक्त बघून बेरिल खो खो हसली. "घ्या! अजून करा लाड!" म्हणत ती पुढच्या बाईची पिशवी उपसायला लागली.

"कुणाचं हे?" नॉर्मानं ओठ न हलवता विचारलं.

"आमच्यात ड्रम वाजवतो त्याचं. मला गायची भीती वाटतेय ना, म्हणून म्हणाला, आजच्यापुरतं ठेव जवळ." एव्हरिल पुटपुटली. "आई, त्याचं नाव..."

"नको. मला सांगूच नकोस."

घरी चल, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण हाताखाली पोरीचं सगळं अंग थरथरत होतं, आणि तरी ती मागं वळत नव्हती. नॉर्माला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त कौतुक वाटलं. तिनं ती रक्ताळलेली पिन काढली, कॉलर नीट करतेय असं दाखवत पदक आतल्या बाजूला टाचलं आणि पिन घट्ट मिटली.

"गाणं झालं की याच फाटकातून ये. मी थांबते."

"तुझी ड्यूटी तर सहालाच संपते."

"संपू दे."

एव्हरिल फाटकातून आत गेली. चार पावलांवर तिचा हात नकळत कॉलरकडे गेला आणि तिथंच चाचपडत राहिला. बेरिल काम थांबवून तिच्याकडेच बघत होती.

हात खाली घे, नॉर्मा मनातल्या मनात विनवत होती. हात खाली घे गं बाई.