उशिरा आलेली पाहुणी

वैशाखाचं तापलेलं आभाळ दुपार ढळता ढळता काळवंडलं. आजऱ्याच्या डोंगरमाथ्यावर जांभळे, जलभारानत मेघ चढले, करवंदीच्या जाळ्या निथळल्या, आणि घाटवाटेवरून तांबडं पाणी धावत सुटलं. वळीवच तो! सांगून थोडाच येतो?

त्या जलधारांतून एक पांढरी गाडी उतरत होती. दिवाकर चालवत होते. शेजारी त्यांची बायको कुमुदिनी. आंबोलीला निघालेल्या त्या दोघांनी वाट वाकडी केली होती ती कुमुदिनीच्या मैत्रिणीसाठी, शालनसाठी.

शालन! कोल्हापूरच्या वसतिगृहात तीन वर्षं एका ताटात जेवलेली शालन. गेल्या वर्षी चैत्रात तिचे यजमान आनंदराव गेले, आणि कुमुदिनी भेटायला गेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं. मग जायला तोंडच उरलं नाही. आता तेरा महिने झाले होते. आता ती दारात तरी उभं करील का?

"फोन करायचा होतास आधी," दिवाकर म्हणाले.

"आणि नको म्हणाली असती तर?"

धूसर काचेवर वायपर फिरत राहिले.

गाव आलं, घर आलं. अंगणभर लालभडक मिरची वाळत पसरलेली, वर्षाच्या चटणीची. आणि त्या रक्तवर्ण राशीभोवती वाऱ्याशी झोंबत, एकटी, ताडपत्री ओढणारी शालन. तिनं मान वर केली. पाहिलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

कुमुदिनी धावली. ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं, ओंजळी भरभरून मिरची पोत्यात लोटली. लाल ओंजळ, ओली ओंजळ, लाल ओंजळ. हातांची आग झाली, पण दोघी थांबल्या नाहीत. दिवाकर बिचारे पोती उचलून ओसरीवर ठेवत राहिले.

चहा झाला. आलं घातलेला, गोड. घोट घोट घेत संपवला. कपबशी खाली ठेवून मग शालन बोलली.

"तेरा महिने. दारात गाडी वाजली की मी उठायची. म्हणायची, माझी कुमी आली."

"धीर झाला नाही गं. चुकलं माझं."

"चुकलंच," शालन म्हणाली, आणि पदरानं हात पुसत राहिली.

दिवस कलला, सरी थांबेनात. निघायला हवं होतं.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. तसल्या कारणानं पुन्हा येणं नको, म्हणून. ही रीत कुमुदिनीच्या हाडीमाशी होती. उशिरा का होईना, ती भेटायलाच आली होती. ती मुकाट उठली, मुकाट चपला घातल्या, मुकाट अंगण ओलांडलं. मागून हाक नाही, निरोप नाही. संपलं, तिला वाटलं. हे दार आपल्याला मिटलं.

गाडीच्या दाराला हात लागला, तोच मागून आवाज कडाडला.

"कुमे! तशीच निघालीस?"

शालन पायरी उतरून पावसात उभी होती. डोळे पेटलेले.

"दुखवट्याला यायचे दिवस तू घालवलेस. ते मी विसरायची नाही, जन्मात नाही. पण आज तू पाहुणी म्हणून आलीस माझ्याकडे. येते म्हण."

कुमुदिनी गाडीचं दार सोडून तिच्याकडे वळली.

"म्हण की गं! का मीच मेले तुला?"

"येते," ती पुटपुटली.

"मोठ्यानं!"

"येते गं शालन... येते, येते!"

सरींवर सरी कोसळत होत्या, डोंगर विरत होते, दिशा विरत होत्या. आणि तांबड्या चिखलात, पन्नाशीच्या दोघी, एकमेकींच्या गळ्यात पडून पोरींसारख्या हमसत होत्या, भिजत होत्या, भिजत होत्या.