पापनाशमला जाण्याआधी

वरलक्ष्मीनं भर उन्हात गाडी चालू केली आणि एसीचं बटण गरम हवेकडे फिरवलं. ओसरीवर बसलेले तिचे वडील, बाळकृष्णराव, बघतच राहिले.

"या कत्तिरीच्या वैशाखी उन्हात गरम वारं का म्हणून?"

"येतं का तेवढं बघते, अप्पा."

आलं नाही. गारही येत नव्हतं. डॅशबोर्डाच्या आत काहीतरी नुसतं घुरघुरत होतं.

पापनाशमला अप्पांची धाकटी बहीण गंगाबाई अंथरुणाला खिळली होती. फार दिवस काढणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, आणि तिला भावाला एकदा बघायचं होतं. अप्पांची छाती अशी की तापलेल्या गाडीत बसवलं तर वाटेतच धाप लागावी. डॉक्टरांनी एसीशिवाय प्रवास नको म्हणून बजावलेलं. भाड्याच्या गाडीचं नाव काढलं की म्हणत, लेक चालवील त्याच गाडीत बसेन. हट्टी माणूस! आणि या गाडीचा एसी नेमका आताच रुसला. वर्कशॉपवाला म्हणाला, कॉम्प्रेसर गेला असेल, आठवडाभर गाडी ठेवून जा. आत्याला आठवडा कोण देणार होतं? वरलक्ष्मीनं गाडी तशीच घरी आणली. याच गाडीनं ती रोज, सुट्टीतल्या जादा तासांनाही, ओरत्तनाडूच्या शाळेत फिजिक्स शिकवायला जाई.

तिनं बॉनेट उघडून एसीच्या पाइपला बोट लावलं. पाइप गार होता, वर पाण्याचे थेंब जमले होते. म्हणजे कॉम्प्रेसर बिचारा आपलं काम करत होता. गारवा आत ढकलणारा पंखाच अडला होता.

"राहू दे गं," अप्पा म्हणाले. "गंगेशी फोनवर बोलतो मी."

"तिला तुम्हाला बघायचंय. उद्या जायचं म्हणजे जायचं."

इंजिन बंद करून ती डाव्या सीटपुढे आडवी झाली आणि डॅशबोर्डाखाली डोकं घातलं. एक स्क्रू काही केल्या हलेना. बोटं सोलली, घाम डोळ्यांत उतरला, तरी तिनं स्क्रूड्रायव्हर सोडला नाही. शेवटी पंखा सुटून हातात आला आणि मूठभर कचरा तिच्या अंगावर सांडला.

उंदरानं घर केलं असावं असं तिला वाटलं. मग वास आला, मरव्याचा. वाळलेली तुळस, कनकांबराची फुलं, सगळं पंख्याच्या पात्यांत गच्च बसलेलं. वरची दोन पानं अजून हिरवी होती.

गेल्या नवरात्रात आयुधपूजेला अप्पांनी बॉनेटवर वाहिलेली फुलं रस्ताभर उडाली होती. तेव्हा तीच चिडली होती. देवाचं फूल लोकांच्या पायाखाली गेलं, पुन्हा गाडीवर काही ठेवायचं नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं होतं.

ओंजळ घेऊन ती ओसरीपाशी आली.

"अप्पा, हे काचेखालच्या जाळीतून आत कोण घालतं?"

अप्पा धोतराचा सोगा नीट करू लागले.

"उडायला नको म्हणालीस ना तू."

"म्हणून रोज?"

"तू रोज जातेस की."

रागवायला म्हणून आलेल्या वरलक्ष्मीला रडूच आलं. तिनं ती ओंजळ वृंदावनात नेऊन ठेवली आणि पंख्याचं पातं न् पातं जुन्या ब्रशनं घासलं. पंखा परत बसवून बटण फिरवलं, तेव्हा गार वारं थेट तिच्या घामेजल्या तोंडावर आलं.

सकाळी पापनाशमला निघायच्या वेळी अप्पा हाताची मूठ मिटून गाडीपाशी आले. काचेखालच्या जाळीकडे बघून ते घुटमळले. मूठ पाठीमागे नेली.

वरलक्ष्मीनं पाठ फिरवून त्यांच्यापुढे मान वाकवली.

"इथं खोवा," ती म्हणाली. "इथून उडणार नाही."

अप्पांच्या बोटांना वेणी लवकर सापडेना. ती वाकून तशीच उभी राहिली.