तांब्याभर पाण्यासाठी

मित्रांनो, मी एक जुना न्हाणी ट्रॅप आहे. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे! ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि नौपाड्यातल्या एका दुकानाच्या कोपऱ्यात, लाद्यांमध्ये मला बसवलं. वर गोल जाळी, खाली वाटीसारखं पोट. त्या पोटात कायम पाणी हवं. पलीकडून गटाराची घाण हवा धडका मारत असते, पण ते एवढंसं पाणी तिला आत येऊ देत नाही. काम बघा केवढं!

आधी तिथे चेंदणी कोळीवाड्यातल्या मीराबाईंची मासळीची खाणावळ होती. गिऱ्हाईक उठलं की त्या बादल्या ओतून अख्खी लादी घासायच्या. "पी बाबा, पोटभर पी," असं मलाच म्हणायच्या! काय दिवस होते ते. गुडघे थकले तेव्हा त्यांनी खाणावळ बंद केली. पण जाताना दुकान लख्ख धुऊन दिलं.

मग वर्षालीताई आली. इतकी वर्षं घरातल्या पलंगावर बसून ब्लाऊज शिवणारीचं हे पहिलं दुकान. पाटीवर स्वतःचं नाव बघून ती रोज हसायची. शाळा सुटली की तिची निशा हूक लावायला यायची. लोकांच्या भारी साड्या, म्हणून जमिनीवर पाण्याचा थेंब नको. नुसतं ओलं फडकं फिरायचं.

माझं पोट हळूहळू सुकलं. आणि वास सुटला.

"मासळी मुरलीय गं भिंतीत," गिऱ्हाइकं म्हणाली. बिचाऱ्या मीराबाई! वर्षालीताईने उदबत्त्या लावल्या, माझ्यात डांबरगोळ्या टाकल्या, शेवटी माझ्यावर जाड पायपुसणं अंथरलं. प्लंबरने बाहेरचं चेंबर उघडून पाहिलं. "ताई, चोकअप कुठेच नाय," म्हणाला आणि गेला.

शेजारचे चष्मेवाले दाजी म्हणाले, "वर्षाली, डोळ्यांचं माझ्याकडे मिळतं. तुझ्या गिऱ्हाइकांना नाकाचं काहीतरी द्यायला हवं!"

ती हसली. पण त्या लग्नसराईत एक नवरी शिवलेला ब्लाऊज नाकाशी नेऊन तसाच ठेवून गेली, तेव्हा ती हसली नाही. मी पायपुसण्याखाली तळमळत होतो. अगं, तांब्याभर पाणी ओत ना! पण जाळीला कुठे बोलता येतं?

दुकान सोडायचं ठरलं. मशीन टेम्पोत चढली. निशा म्हणाली, "चल ना मम्मी, आता कशाला साफ करतेस?"

"मीराबाईंनी मला दुकान धुऊन दिलेलं गं. तसंच परत द्यायचं."

तिने पायपुसणं उचललं आणि बादली ओतली. पाणी माझ्या पोटात गडगडत उतरलं. किती दिवसांनी! लादी घासून ती उभी राहिली. थांबली. पुन्हा श्वास घेतला.

"निशा, वास येतोय का गं?"

"नाही गं... खरंच नाही!"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर शिडीवर चढलेला माणूस तिच्या नावाची पाटी उतरवत होता.

मित्रांनो, आज माझं पोट भरलेलं आहे, पण दुकान रिकामं आहे. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात माझी कोरडी भावंडं असतील. येता-जाता त्यांना थोडं पाणी घाला. आणि हो, उशीर व्हायच्या आत घाला.