कोटाच्या बटणाचा दोरा

माझ्या पुढच्या दोन दातांना खाच होती. चाळीस वर्षं दोरा तोडून तोडून पडलेली. शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, कात्री मांडीवर असली तरी दोरा तोंडातच जातो. आधी खाच पडली, मग दात झिजले, मग एक हलायला लागला आणि दुसऱ्याने त्याला सोबत केली. दोन्ही गेले तेव्हा मी म्हटलं, जाऊ देत, या वयात मला कुठे मिरवायचंय?

पण मिरवायचं नसलं तरी बोलायचं होतं ना. आणि तेही एकाच माणसाशी.

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही. तीस वर्षं कारखान्यात पत्रे ठोकले, त्यात कान गेले. कानाचं यंत्र लावून पाहिलं, तर त्यातून नुसता खडखडाट येतो, शब्द येत नाही. बावीस वर्षं हा माणूस माझे ओठ बघून माझं बोलणं समजून घेत आला. बाकीच्यांचं त्यांना अर्धंमुर्धं कळतं, मिशीवाल्यांचं तर मुळीच नाही. माझं मात्र पोटातलंसुद्धा कळायचं. पुढच्या खोलीत मी मशीनवर आणि ते समोर इस्त्रीला. खिडकीचा उजेड बरोबर माझ्या तोंडावर पडेल अशी मशीन त्यांनीच लावून दिली होती. दिवसभर इकडे माझ्या तोंडाचा पट्टा आणि तिकडे त्यांची इस्त्री. गिऱ्हाईकं विचारायची, बहिऱ्या माणसाशी एवढं काय बोलता हो? मी म्हणायचे, कानवाल्यांपेक्षा बरं ऐकतात ते.

दात गेले आणि वरचा ओठ आत ओढला गेला. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की हे हल्ली माझ्या सगळ्या बोलण्याला मान हलवतात. नाही म्हणून म्हणत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा एवढा गुणी झाला की बाईला संशय येतोच. मी एकदा अगदी शांत चेहऱ्याने सांगितलं, अहो, मागच्या खोलीला आग लागलीय. "हो, हो, बरोबर आहे तुझं," म्हणाले आणि कॉलर उलटून इस्त्री फिरवायला लागले. मी तिथे हसले. मग आत जाऊन रडले.

कवळी करून पाहिली. बोलायला लागलं की ती खाली यायची आणि मला उबळ यायची. लिहून सांगायचं म्हटलं, तर मी चौथी शिकलेली, माझं एक वाक्य होईपर्यंत त्यांच्या तीन पँटी इस्त्री होतात. शिवाय कागदावर भांडता येत नाही. लिहून होईतो राग गार होतो, आणि गार झालेला राग कुणाला वाढायचा?

असं वर्ष गेलं, शेवटी लेकीने दातांची डॉक्टरीण शोधली. हाडात स्क्रू बसवायचे आणि त्यावर दात. डॉक्टरीण वयाने माझ्या लेकीएवढी, पण बोलायला स्पष्ट. म्हणाली, आजी, हाड पातळ आहे आणि शुगर आहे. एकदाच जमेल. हे गेलं तर दुसऱ्यांदा स्क्रूला धरायला काही उरणार नाही. मी हो म्हटलं. तिने स्क्रू बसवले आणि त्याच दिवशी वर दोन तात्पुरते दात लावून दिले, खालच्या दातांना टेकणार नाहीत असे आखूड. "हे बघायचे आणि बोलायचे दात आहेत, वापरायचे नाहीत," म्हणाली. तीन महिने पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. सफरचंद नाही, बदाम नाही, कडक पाव नाही, सगळं तिने बोटांवर मोजून सांगितलं. दोऱ्याचं नाही सांगितलं. तिला कसं सुचणार? मलाच सुचलं नाही. दोरा काय खायची वस्तू आहे?

पहिले तीन दिवस मेल्यासारखे गेले. वरचा ओठ नाकाला भिडलेला, डोळ्यांखाली काळंनिळं. दोन उशांवर डोकं ठेवून पडायचं, गालावर बर्फ धरायचा, गार सूप चमच्याने गिळायचं, आणि चूळसुद्धा भरायची नाही, पाणी तोंडात घेऊन नुसतं बाहेर सोडायचं. लेक राहिली होती. जाताना तिने कापडाच्या पट्टीत एक छोटी कात्री ओवली आणि माझ्या गळ्यात घातली. म्हणाली, आई, तुझी सवय मला माहीत आहे. मी तिला म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण कात्री काढली नाही.

चौथ्या दिवशी सूज उतरली. मी मशीनवर जाऊन बसले आणि सवयीने काहीतरी पुटपुटले. ह्यांनी मान वर केली. म्हणाले, "काय? कोटाची बाही लांब झालीय?"

तेच म्हटलं होतं मी. अगदी तेच.

मला काय झालं ते सांगता येणार नाही. त्यांनी इस्त्री तशीच ठेवली, एका शर्टाच्या पाठीवर तिचा डाग पडला, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, सांग. काय सांगू? सगळं सांग, वर्षभरात काय काय बोललीस ते. डॉक्टरणीने तोंडाला आराम द्या म्हटलं होतं. मी कसला देतेय! शेजारणीच्या सुनेपासून सुरुवात केली. सहाव्या दिवशी त्यांच्या बहिणीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते भांडण आम्ही दोघांनी मिठाईसारखं पुरवून पुरवून खाल्लं. त्या पाच दिवसांत मला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल. तेव्हाच आलं असतं तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी त्याच कोटाला बटण लावत होते. जाड कोट, दुहेरी नायलॉनचा दोरा. मी ह्यांना काहीतरी सांगत होते, बोलता बोलता गाठ मारली, मान खाली घातली आणि दोरा दाताला अडकवून हिसडा दिला. मला कळलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते ना. ते ओरडले. स्वतःचा आवाज त्यांना कळत नाही, त्यामुळे तो रस्त्यापर्यंत गेला. "तोंड उघड," म्हणाले. उघडलं. डावा दात जिभेला हलत लागला आणि थोडं रक्त आलं. गळ्यात कात्री होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसलीच मी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हेही खरं, पण माझ्या खोडीला दुसरा दिवस मिळाला नाही?

तेव्हाच डॉक्टरणीकडे गेले असते तर निदान दुसरा स्क्रू वाचला असता. नाही गेले. लाज वाटली. लेकीने कात्री गळ्यात घातली होती, तिला काय तोंड दाखवू? म्हटलं, बसेल आपोआप. ह्यांनी रोज सकाळी मागे लागून सांगितलं, चल, दाखवून येऊ. तिसऱ्या दिवशी ते लेकीला फोनवर निरोप लिहायला लागले. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "तिला कळवलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

हे त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी फोन खाली ठेवला. वर्षभर उपाशी राहिलेल्या माणसापुढचं ताट ओढायची धमकी दिली मी. ते गप्प राहिले आणि मीही गप्प राहिले, आणि आत हिरडीत पू होत राहिला.

दात हलल्याच्या सहाव्या दिवशी ताप चढला तेव्हा तेच मला धरून घेऊन गेले आणि बाहेर बाकावर बसले. डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, कधी झालं? मी सांगितलं. तिने दोन्ही स्क्रू काढले, आत खरवडलं, टाके घातले. पुढची हाडाची भिंतच गेलीय म्हणाली. पुन्हा? मी बोटानेच विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवला म्हणजे खरंच संपलं.

येताना दातांत कापूस दाबून धरायचा होता, त्यामुळे मी काही बोलले नाही. ह्यांनीही विचारलं नाही. घरी आल्यावर मी कापूस काढून टाकला. ते समोर खुर्ची घेऊन बसले, उजेड माझ्या तोंडावर होता. कापड बेतायच्या टेबलावर खडू पडला होता. मी तो घेतला आणि टेबलावरच लिहिलं, दोन्ही काढले, परत बसणार नाहीत.

त्यांनी वाचलं. मग तळहाताने सगळं पुसून टाकलं.

"तोंडाने सांग," म्हणाले.

मी सांगितलं. ते बघत राहिले. पुन्हा सांग म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. आत्ताच वाचलेली वाक्यं होती ती, तरी ती त्यांना माझ्या तोंडात सापडेनात. हळू सांगितलं, ओठ ताणून सांगितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग म्हणाले, हे नको, दुसरं काहीतरी सांग, छोटं.

मी म्हटलं, "मला माफ करा."

"पुन्हा," म्हणाले.

मी सात वेळा म्हटलं. आठव्यांदा म्हणायला गेले तेव्हा टाक्यातून रक्त ओठावर आलं. त्यांनी आपल्या रुमालाने ते पुसलं, आणि टेबलावरचा खडू उचलून माझ्या हातात दिला.