मचाणाखालची चौकशीबाई

माझे वय झाले आहे, मित्रांनो, पण पाय अजून डगमगलेले नाहीत. मी शिकारीचे मचाण आहे. उत्तर मिशिगनच्या जंगलात, दलदलीच्या काठावर, दोन मेपल वृक्षांना पाठ टेकून मी उभे आहे. माझी बैठक सिडारच्या फळ्यांची आहे. शिडी मात्र घाईत, हाताला लागेल त्या लाकडाची केली होती. ती घाई पुढे महागात पडली.

मला बांधले आर्विदने. त्याची बायको सायमा खालून खिळे देत होती आणि प्रत्येक खिळ्यागणिक एक सूचनाही देत होती. "वाकडा चाललाय." "जरा डावीकडे." शेवटी आर्विद वैतागून म्हणाला, "तूच ये ना वर!" ती खरोखरच वर आली. तेव्हापासून दर नोव्हेंबरात दोघे माझ्यावर शेजारी शेजारी बसत.

आर्विद शिस्तीचा शिकारी होता. कपडे तो बिनवासाच्या साबणाने धुवायचा, खोकला आला तर टोपीत तोंड खुपसायचा. सायमा बसायची ती विणकाम घेऊन. थर्मासमधली कॉफी, वेलदोड्याचा गोड पाव आणि सुयांची टकटक.

"बंद कर ते," आर्विद कुजबुजायचा. "हरणं पळतील."

"पळत नाहीत रे. बघायला येतात."

आणि खरेच येत. मी हरणांना आयुष्यभर वरून पाहिले आहे, म्हणून ठामपणे सांगते. पांढऱ्या शेपटीचे हरीण माणूस ओळखला की क्षणात पसार होते. पण जे दिसले ते काय आहे हे कळले नाही, तर त्याला राहवत नाही. एक मादी तर त्या बाबतीत कहर होती. तिचा डावा कान फाटलेला होता. सुया वाजल्या की ती झुडपातून मान काढायची आणि पुढचा पाय जमिनीवर आपटायची. मग गवत खायचे सोंग करून मान खाली घालायची आणि झटकन वर करायची. आपण बेसावध आहोत असे वाटून समोरच्याने हालचाल करावी, हा तिचा डाव. तरीही उलगडा झाला नाही, तर वळसा घालून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जायची आणि वास घ्यायची. वास आला की नाकातून मोठा फुत्कार, शेपटीचे पांढरे निशाण वर, आणि गायब. थोड्या वेळाने पुन्हा हजर.

"आली बघ चौकशीबाई," सायमा हसायची. "हिला आपल्या घरात काय शिजलं तेसुद्धा कळायला हवं."

आर्विदने बंदूक उचलेपर्यंत चौकशीबाई नेमकी झाडाआड गेलेली असे.

वर्षे गेली. पावसाने आणि बर्फाने माझी वरून तिसरी पायरी आतून कुजली. सायमाने पाय ठेवताच ओळखले. "ही बदल, आर्विद." "अजून दहा वर्षं काही होत नाही तिला," तो म्हणाला. मला बोलता येत असते, तर मी सायमाची बाजू घेतली असती.

एका हंगामात मोठ्या शिंगांचा एक नर टप्प्यात आला, आणि सायमाने नेमका त्याच वेळी थर्मास उघडला. नर उधळला. आर्विदचा पारा चढला.

"उद्यापासून येऊ नकोस तू!"

"नाही येत. मग उद्याचं जेवणही तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. घरून निघताना नदीकडे बसतो म्हणून सांगितले होते, पण तिथे वारा उलटा होता, म्हणून तो माझ्याकडे वळला. वर चढला, दोरीने बंदूक ओढून घेतली, बसला. तेवढ्यात त्याचा एक हातमोजा खाली पडला. बंदूक माझ्यावर ठेवून तो मोजा आणायला उतरू लागला. तिसऱ्या पायरीवर भार पडला आणि ती मोडली.

तो सुकलेल्या नेच्यांत कोसळला. पायाचे हाड मोडले होते. बर्फ भुरभुरत होता. मदतीसाठी तीन बार काढायचे असतात, पण बंदूक माझ्यापाशी आणि तो खाली. त्याने हाका मारल्या. थंडीने आवाज लवकरच बसला. आणि तो इथे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मग झुडूप हलले. फाटका कान दिसला.

चौकशीबाई सरळ पुढे आली. नेच्यांत बर्फाने झाकलेले हे काय पडले आहे, याचा तिला उलगडा होईना. वारा दलदलीकडे वाहत होता, तिकडे उतरायची सोय नव्हती, म्हणून वासही मिळेना. तिने पाय आपटला.

आर्विद तिच्याकडे बघत राहिला. "आयुष्यभर तुझी वाट बघितली," तो घोगऱ्या आवाजात पुटपुटला, "आणि आज येतेस होय गं?"

आवाजाने ती दचकली आणि जोरात फुत्कारली. शांत रानात तो आवाज दूरवर गेला. आर्विदच्या डोळ्यांत चमक आली. हिला पळू द्यायचे नाही, आणि कंटाळूही द्यायचे नाही! त्याने टोपी काढून जरा हलवली. फुत्कार. तो निपचित पडला. तिने मान खाली घातली, झटकन वर केली. त्याने दोन बोटे हलवली. पुन्हा पाय आपटणे, पुन्हा फुत्कार. इतकी वर्षे स्थिर बसायचा हट्ट धरलेला माणूस आता जिवाच्या आकांताने चुळबुळ करत होता. मध्येच वेदनेने त्याचे डोळे मिटत, आणि मादी मागे वळू लागली की तो दात ओठ खाऊन पुन्हा टोपी उचले.

इकडे सायमा राग गिळून, गरम पॅस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, घेऊन नदीकडे गेली होती. तिथे कोणी नाही. परतीच्या रस्त्यावर तिला तो फुत्कार ऐकू आला. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. माणूस ओळखला असता तर हरीण एव्हाना पसार झाले असते. म्हणजे त्याला न कळणारे काहीतरी तिथे आहे. सायमा धावत सुटली.

तिला पाहताच चौकशीबाईने शेपटी उभारून धूम ठोकली. पण टेकाडावर थांबून तिने मागे वळून पाहिलेच.

सायमाने आपला कोट त्याच्यावर घातला.

"सायमा, ती तिसरी पायरी..."

"गप्प पड. भांडायला आख्खा हिवाळा पडलाय."

तिने रस्त्यावर जाऊन लाकडे वाहून नेणारा ट्रक थांबवला आणि त्याला दवाखान्यात नेले. पाय वाचला, थोडी लंगड मात्र राहिली.

तो हिवाळा मी मोडक्या शिडीसह एकटेच काढला. आता आपली सरपणातच गत होणार, असे क्षणभर वाटून गेले. पण उन्हाळ्यात दोघे आले. आर्विद खाली बसून खिळे देत होता आणि सायमा वर ठोकत होती. "वाकडा चाललाय," तो म्हणाला. "खिळे दे, अक्कल नको," ती म्हणाली.

त्या हंगामात आर्विदने माझ्यावरून एक तरणा नर टिपला. हिवाळ्याचे मांस घरात आले. ते शिकारी माणसे आहेत, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण फाटक्या कानाची मादी समोर आली, तेव्हा आर्विदने बंदूक मांडीवरच ठेवली.

"हिला नको," तो म्हणाला. "हिची चौकशी अजून संपायचीय."

आता ती मादी नाही. दोघे थकले आहेत. तरी दर ऑगस्टात सायमा हातोडी घेऊन येते आणि माझी एकेक पायरी ठोकून कान देऊन ऐकते. खणखणीत वाजली तर ठेवते. भद्द वाजली तर त्याच दिवशी बदलते.

मित्रांनो, जे मुकाट्याने तुमचा भार पेलते, ते दुखते-खुपते म्हणून सांगायला येत नाही. तुम्हालाच जाऊन विचारावे लागते. मी पक्के उभे आहे. खुशाल चढा माझ्यावर. फक्त आधी ठोकून बघा.