डावं मागचं दार

माझा भाऊ केओंग गाडीला कधी नावं ठेवत नाही, मालकाला ठेवतो. पण चुन वाह या गिऱ्हाइकाच्या अंगणातली ती गाडी पाहिली आणि तो मालकाला सोडून गाडीभोवतीच फिरत राहिला. मला तेव्हाच काही बरं वाटलं नाही.

एकेकाळी बड्या लोकांनी मिरवलेली काळी, अवजड फोर-व्हील ड्राइव्ह. मागच्या डाव्या अंगाला ती बसली होती, उठवूनही न उठणाऱ्या म्हशीसारखी. चाक मडगार्डात इतकं घुसलं होतं की मधे बोट जाईना. चालवत आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आणणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही बहीणभाऊच ईपोह शहराच्या या टोकाला आलो होतो.

"फार स्वस्तात मिळाली हो," चुन वाह म्हणाला.

"मिळाली नाही, गळ्यात पडली," मी म्हणाले.

ही गाडी लोखंडी स्प्रिंगांवर नाही, हवेवर उभी असते. चारही चाकांपाशी रबरी फुगे, ते भरणारा एक पंप, आणि कोणत्या फुग्यात किती हवा ठेवायची ते ठरवणारा गाडीचा स्वतःचा मेंदू. संध्याकाळी सरळ उभी केलेली गाडी सकाळी अशी खचलेली दिसायची. रात्रभर तिला कोणी हात लावलेला नसायचा.

"हात कशाला लावायला हवा?" चुन वाहची आई, फूंग आंटी, म्हणाल्या. त्या ओट्यावर बसून मेलेल्यांसाठी कागदी नोटांच्या घड्या घालत होत्या. सातवा महिना चालू होता, भुकेल्या पितरांचा. "मागे कोणीतरी बसतंय. डावीकडे."

"आई, पुरे!"

"पुरे काय पुरे? तुझ्याआधी ही कोणाची होती, विचारलंस का? मोठ्या लोकांनी स्वस्तात सोडलेली वस्तू कोणी घरी आणतं का?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण या महिन्यात अंधार पडल्यावर मीही शिट्टी वाजवत नाही, भुतं मागे येतात म्हणे; उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या.

केओंगनं इंजिन चालू केलं. पंप कण्हत कण्हत चालला आणि गाडी हळूहळू वर आली. त्यानं इंजिन बंद केलं आणि मागचं डावं दार सताड उघडलं.

"ताई, हे दार असंच राहू दे. दार उघडं असलं की ही बया जागची हलत नाही. लावलं की इंजिन बंद असलं तरी हिचं डोकं चालू. एक कोपरा खचला की आधी बाकीचे तिन्ही त्याच्या बरोबरीला खाली आणणार, आणि मग इंजिन चालू मिळालं तर सगळ्यांना वर उचलणार."

"खाली टेकूला घोडी लाव ना मग."

"घोड्या दुकानात व्हॅनखाली आहेत, जॅकसुद्धा. पाच मिनिटांचं काम आहे गं."

"तुझी पाच मिनिटं मी तू रांगत होतास तेव्हापासून बघतेय."

हसत हसत तो साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन खाली सरकला. बाहेर फक्त पाय राहिले. गळती जिथे असेल तिथे साबणाला बुडबुडे येतात. त्यानं आधी फुग्यावर पाणी मारलं. काही नाही.

"फुगा ठणठणीत आहे! आंटी, तुमचा पाहुणा अगदीच हलका दिसतोय!"

"हसू नकोस रे पोरा. ते ऐकतात."

मग तो नळी चाचपत पुढे गेला. नळीही चांगली होती. नळी जिथे झडपेला जोडतात तिथे पोचायला त्याला खांद्यापर्यंत आत शिरावं लागलं.

"सापडला चोर! जोडापाशी बुडबुडे येतायत. ताई, बाराचा पाना दे. आपल्या गाडीत आहे."

आमची गाडी फाटकाबाहेर होती. दिवस मावळला होता आणि शेजारणी गटाराकडेला पितरांसाठी मेणबत्त्या लावत होत्या. मी पेटीत पाना शोधत होते तेवढ्यात मागे एक मऊसा आवाज झाला. महागड्या गाड्यांची दारं लागतात तीसुद्धा अदबीनं.

फूंग आंटी उदबत्त्या घेऊन बाहेर आल्या होत्या. सातव्या महिन्यात, तिन्हीसांजेला, रस्त्याच्या बाजूला दार उघडं दिसलं, आणि कोणी आत शिरू नये म्हणून त्यांनी ते लावलं. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईनं लावलं असतं. माझ्या आईनंही लावलं असतं.

मग हवा सुटल्याचा आवाज आला. लांब, सावकाश.

"केओंग! बाहेर ये!"

त्याचे पाय फरशीवर घासले, पण खांदा अडकलेला होता. मी धावत जाऊन दार उघडलं. गाडी थांबली. थांबली म्हणजे तिथेच थांबली, त्याच्या छातीवर.

चुन वाह घरातून पळत आला. डिकी उघडून पाहिली तर जॅकची जागा रिकामी. दोन शेजारी आले, आम्ही सगळ्यांनी जोर लावला. गाडी तसूभरही हलली नाही. मी जमिनीवर पालथी पडले. केओंगचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता, आणि त्याला मी इतकं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं.

"दार लाव," तो कसाबसा बोलला. "इंजिन... चालू कर."

"आधी खाली येईल ना ती!"

"येईल. मी श्वास... सोडतो. टकटक केली... की लाव."

"नाही! ॲम्ब्युलन्स येतेय. नाही लावणार मी!"

"ताई."

एवढंच म्हणाला. त्याचे ओठ काळेनिळे पडत होते. चुन वाहनं पुढे बसून इंजिन चालू केलं. मी दाराशी उभी राहिले. खालून बोटाच्या पेराचा आवाज आला, टक, टक, आणि मी दार लावलं.

गाडी खाली आली. खालून जो आवाज आला तो मी कोणाला सांगितलेला नाही, सांगणारही नाही. मग पंप कण्हायला लागला. किती वेळ कण्हला कोण जाणे. गाडी कुरकुरली, आणि वर येऊ लागली.

"केओंग?"

पाय हलत नव्हते. कोणीतरी आत जाऊन त्याचा खांदा सोडवायला हवा होता. शेजारी एकमेकांकडे बघत होते. मी दार पुन्हा सताड उघडलं, फरशीवर आडवी झाले, आणि शिरण्याआधी एकदाच मागे वळून पाहिलं. या दाराशी कोणाला उभं करायचं?

फूंग आंटी पुढे आल्या. हातातल्या उदबत्त्या त्यांनी खाली टाकल्या होत्या. त्या उघडं दार आणि गाडीच्या मधे शिरल्या, पाठ दाराला टेकवली, आणि एक पाय आत, त्या डाव्या सीटसमोर रोवला.

"जा तू," त्या म्हणाल्या. "आता हे लागायचं असेल तर माझ्या हाडांवर लागेल."

मी आत शिरले. डोक्यावर लोखंड होतं, गरम, आणि हवा कुठेतरी अजून फुसफुसत होती. त्याची बाही अडकली होती, ती मी दातांनी फाडली. काखेत हात घालून ओढलं, चुन वाहनं पाय धरून ओढले, आणि तो बाहेर आला. फरशीवर आल्यावर त्याच्या छातीतून एक घरघर निघाली, मग दुसरी. मी त्याला शिव्या देत होते आणि रडत होते.

ॲम्ब्युलन्सवाले त्याला उचलून गाडीत ठेवीपर्यंत मला दुसरं काही दिसलं नाही. मी फाटकातून वळून पाहिलं तेव्हा अंधार पडला होता, आणि गाडीखाली आता कोणीच नव्हतं. फूंग आंटी तशाच उभ्या होत्या, पाय आत, डोळे घट्ट मिटलेले. चुन वाह त्यांचा हात धरून सांगत होता, "आई, झालं. सोड आता."

त्या सोडत नव्हत्या.