साहेब आधी बोलले नाहीत

आमचे गुक साहेब व्यवस्थापनाच्या शिबिराला जाऊन आले आणि आमचं वाटोळं झालं. तिथे त्यांना कोणीतरी शिकवलं, की चांगला निर्णय हवा असेल तर वरिष्ठाने आधी तोंड उघडू नये. सगळ्यांचं ऐकावं, मग बोलावं. गोष्ट खोटी नाही. पण शिकवणाऱ्याने कोरियातल्या इंचॉनमधलं आमचं ऑफिस कुठे पाहिलं होतं!

आम्ही जेवायला गेलो की साहेब म्हणणार, "मला काळ्या सॉसच्या नूडल्स. तुम्ही हवं ते मागवा हं, लाजू नका." की लगेच आम्ही चौघं, "आम्हालाही तेच!" पोट बिघडलेलं असलं तरी तेच. साहेबांची भुवई हलली तरी तिचा अर्थ लावण्यात आमचा दिवस जातो.

तर कंपनीच्या डोक्यात आलं, राइस कुकर दुरुस्तीचा आमचा विभाग ग्वांगजूला हलवायचा. ग्वांगजू म्हणजे देशाचं दुसरं टोक! माझी दाउल बारावीला. पोर बारावीला असलं की आमच्याकडे घरातली माणसं दबकत चालतात, आणि मी काय शनिवार-रविवारची पाहुणी होऊ? नवऱ्याचं दुकान इथे, तिची शाळा इथे. बैठकीत सरळ नाही म्हणायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

आदल्या दिवशी आमच्यातला धाकटा मेंग कॉफीच्या मशीनपाशी आला. "मॅडम, मी ग्वांगजूला गेलो तर माझं ठरलेलं लग्न मोडेल हो."

"मग उद्या बोल की!"

"तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही बोला. मी आहेच तुमच्या मागे."

मागे उभं राहायला सगळे तयार, मेले!

बैठकीत साहेबांनी विषय सांगितला. "मोकळेपणाने बोला. मी शेवटी बोलणार," म्हणाले आणि मख्ख चेहऱ्याने टेबलाकडे बघत बसले. आता आमच्याकडे साहेब काहीच बोलत नाहीत याचा एकच अर्थ. वरून ठरून आलंय, फक्त माना हलवा.

आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ प्योन. त्यांनी घसा खाकरला. "कल्पना चांगली आहे. जागाही ऐसपैस मिळेल."

मग माझी पाळी. 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं हो! साहेबांकडे पाहिलं, तर चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"माझंही तेच मत आहे," मी म्हणाले.

मेंगने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विहिरीत ढकललंय. मग तोही म्हणाला, "तेच." चौथ्या यो बाईंनी तर हसून विचारलं, "कधी निघायचं?"

"कोणालाच काही अडचण नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब!" सगळे एका सुरात.

"बरं," ते म्हणाले. "मग माझंही तेच."

हुकूम निघाला. त्या संध्याकाळी सगळे प्यायला बसलो. मी रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी साहेबांचा पेला भरत होते, तर ते हळूच म्हणाले, "मॅडम, तुमची मुलगी बारावीला ना? वाटलं होतं, तुम्ही तरी नाही म्हणाल."

"म्हणजे?"

"अध्यक्ष म्हणाले होते, तुझी माणसं नको म्हणाली तर विषय सोडून देऊ. माझी आई इथे दवाखान्यात पडलीय. मला कुठे जायचंय? एक 'नाही' हवं होतं. एकाचं तरी."

"मग तुम्ही बोलायचं ना!" मी ओरडलेच. जन्मात पहिल्यांदा साहेबांवर ओरडले.

"मी आधी नाही म्हटलं असतं, तर तुम्हीही नाही म्हणाला असतात. पण ते माझ्यासाठी. त्याला काय अर्थ?"

खरं होतं. म्हणून तर डोकं आणखीच फिरलं. आता काही करता येईल का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, एकमताने ठरलं असं वर कळवलंय, आणि अध्यक्ष फार खूश आहेत.

घरी आले तेव्हा दाउल अभ्यास करत होती. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आई, माझी परीक्षा आहे, हे सांगितलंस ना गं त्यांना?"

"त्यांनी विचारलंच नाही गं," मी म्हणाले.